कार्बोरेटरमध्ये कचरा आलाय

जुलै महिना, संध्याकाळची वेळ, बारीक पाऊस. लालबागकडून करी रोडच्या पुलावर चढताना माझी गाडी दोनदा खोकली आणि तिसऱ्यांदा गप्प झाली. गाडी म्हणजे बाबांची आरएक्स १००, माझ्यापेक्षा वयानं मोठी. मागच्या टॅक्सीवाल्यानं हॉर्न वाजवत बाजूनं टॅक्सी काढली. मी किक मारली, चालू झाली, रेस दिली की बंद. चोक ओढला तर चालली, सोडला की पुन्हा बंद. शेवटी ढकलत खाली आणली.

पुलाच्या पायथ्याशी एका चाळीच्या जिन्याखाली आमचे मेकॅनिककाका बसतात. दुकान म्हणजे एक लाकडी पेटी, दोन स्टुलं आणि भिंतीला टांगलेल्या जुन्या केबलांचा झुबका. त्यांचे वडील गिरणीत साचेखात्यात होते. काकांनी गाडीकडे नीट पाहिलंही नाही. एवढंच विचारलं, "चोकवर चालते ना?"

"हो."

"मग कार्बोरेटरमध्ये कचरा आलाय. बस."

जुनी टू-व्हीलर असलेल्या प्रत्येकानं हे वाक्य कधी ना कधी ऐकलेलं असतं. त्यामागचा तर्क साधा आहे. चोक ओढला की इंजिनाला जास्तीचं पेट्रोल मिळतं. जास्तीचं मिळाल्यावर गाडी चालते, याचा अर्थ एरवी पेट्रोल कमी पडतंय. कमी पडतंय म्हणजे त्याची वाट कुठेतरी अडलीये.

काकांनी पेट्रोलचा कॉक बंद केला, कालचा पेपर जमिनीवर पसरला आणि गाडी खोलायला घेतली. थोड्या वेळानं पेपरवर चार वस्तू मांडलेल्या होत्या: पिन लावलेली स्लाइड, रेसची केबल, प्लग आणि कार्बोरेटरची खालची वाटी. पाऊस वाढल्यामुळे मी तिथेच अडकलो होतो आणि काका एकेक वस्तू उचलून बोलत होते. ऐकता ऐकता लक्षात आलं की 'कचरा' हा शब्द फारच ढोबळ आहे. त्यात तेलाचे भाव आहेत, गिरणी संप आहे, मनमाडजवळचा एक खून आहे आणि पश्चिम महाराष्ट्रातला ऊससुद्धा आहे. त्या चार वस्तू मी इथे एकेक करून उचलणार आहे. क्रम मात्र काकांच्या हाताचा नाही, काळाचा आहे.

पिन

आधी कार्बोरेटर करतो काय, ते पाहू. द्रव पेट्रोल इंजिनात नीट जळत नाही. त्याचा बारीक फवारा करून तो हवेत मिसळावा लागतो, तोही मापात. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. हवा कमी झाली तर काळा धूर, जास्त झाली तर इंजिन तापतं.

हा फवारा करायला कार्बोरेटरमध्ये पंप नसतो, मोटर नसते, वीज नसते. चाळीतल्या जुन्या घरांत ढेकूण मारायला फ्लिटचा पंप असायचा. दांडा पुढे ढकलला की हवा जोरात एका नळीच्या तोंडावरून जायची आणि डब्यातलं औषध आपोआप वर ओढलं जाऊन फवाऱ्यासारखं उडायचं. कार्बोरेटर त्याच तत्त्वावर चालतो. हवेची वाट अरुंद केली की तिचा वेग वाढतो आणि दाब कमी होतो. दानिएल बर्नुली यांनी १७३८ मध्ये वेग आणि दाबाचं हे नातं मांडलं, आणि इटलीच्या जोव्हानी व्हेंचुरी यांनी १७९७ मध्ये अरुंद नळीतला प्रवाह अभ्यासला. दोघांच्याही डोळ्यांसमोर पाणी होतं. गाडी यायला अजून शतक होतं.

सुरुवातीच्या गाड्यांमध्ये पेट्रोलच्या पृष्ठभागावरून हवा फिरवून वाफ गोळा करायचे. जेटमधून फवारा मारायची कल्पना १८९३ मध्ये दोन ठिकाणी जवळजवळ एकाच वेळी आकाराला आली. बुडापेस्टमध्ये दोनात बांकी आणि यानोश चोंका यांनी पेटंट घेतलं, आणि त्याच वर्षी जर्मनीत विल्हेल्म मायबाख यांनी. संडासाच्या टाकीत पाणी भरलं की फुगा वर येऊन नळ बंद करतो ना, तसा फ्लोट वाटीतल्या पेट्रोलची पातळी सांभाळतो. त्या वाटीतून पितळी जेटच्या केसाएवढ्या भोकातून पेट्रोल वर ओढलं जातं. आपण रेस पिळली की केबल स्लाइडला वर खेचते आणि हवेची वाट मोठी होते. स्लाइडला लावलेली निमुळती पिनही सोबत वर जाते आणि पेट्रोलची वाटही मोठी होते. सव्वाशे वर्षं मोटारसायकली याच युक्तीवर चालल्या.

ही युक्ती आपल्याकडे आली ती परदेशी नावांनी. १९५५ मध्ये मद्रासला बुलेट बनायला लागली, तिच्यावर इंग्लंडच्या बर्मिंगहॅमचा अमाल कार्बोरेटर असायचा. आयातीवर बंधनं आल्यावर रुस्तम आणि फारुख इराणी यांनी म्हैसूरला कारखाना काढून चेकोस्लोव्हाकियाची जावा तिथे बनवायला घेतली. तिच्यावर जिकोव्ह. ७०च्या दशकात तिचीच येझदी झाली. एस्कॉर्ट्सची राजदूत १९६२ मध्ये पोलंडच्या गाडीवरून बेतलेली. त्या काळात नवी गाडी मिळणं अवघड होतं. बजाजच्या स्कूटरसाठी लोक नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचे. त्यामुळे घरात आलेली गाडी वीस-पंचवीस वर्षं चालवायची, हे गृहीतच असायचं. सुटा भाग मिळाला नाही तर तो बनवायचा, घासायचा, नाहीतर चोर बाजारात शोधायचा.

इथे गिरणगावाला एक सोय होती. लोखंड कळणारी माणसं इथे गल्लोगल्ली होती. गिरण्यांमध्ये फिटर होते, टर्नर होते, परळ आणि लोअर परळला रेल्वेची वर्कशॉपं होती. काका सांगतात, झिजलेल्या स्लाइडला पातळ पत्रा लावून देणारा एक फिटर त्यांच्या चाळीतच राहायचा. दिवसपाळी करून आला की संध्याकाळी शेजाऱ्यांच्या गाड्या. पैसे कोणी दिले तर घ्यायचा, नाहीतर चहा.

पिनेवर बारीक खाचा असतात आणि त्यातल्या एका खाचेत क्लिप अडकवलेली असते. क्लिप वरच्या खाचेत टाकली की पिन खाली बसते आणि पेट्रोल कमी जातं. १९७३ च्या ऑक्टोबरमध्ये अरब देशांनी तेल रोखलं, काही महिन्यांत कच्च्या तेलाचा भाव जवळजवळ चौपट झाला आणि पेट्रोल आपल्याकडेही महागलं. तेव्हापासून गॅरेजमध्ये एक नवी मागणी आली, जी आजही ऐकू येते: "ॲव्हरेज वाढवून द्या." मेकॅनिकच्या हातात त्यासाठी फार काही नव्हतं. तो क्लिप एक खाच वर सरकवायचा. गाडी थोडं जास्त अंतर जायची, पण चढावर दम टाकायची, तापायची, आणि टू-स्ट्रोक असेल तर एखाद दिवशी पिस्टन जाम व्हायचा. म्हणजे तेलाचे भाव पश्चिम आशियात ठरले आणि पिस्टन करी रोडला जाम झाला. मधला दुवा ही एवढीशी क्लिप.

केबल

दुसरी वस्तू रेसची केबल. आरएक्सची केबल जरा वेगळी असते. वर हँडलला ती एकच असते, पण मध्ये तिला फाटा फुटतो. एक फाटा कार्बोरेटरला जातो, दुसरा ऑइलच्या पंपाला. राजदूत किंवा येझदीत ऑइल पेट्रोलमध्येच मिसळावं लागायचं. यामाहात ऑइलची वेगळी टाकी आणि रेसच्या प्रमाणात ऑइल सोडणारा पंप. दोन्ही फाटे एका मापात असले पाहिजेत. ऑइलचा फाटा ढिला झाला तर इंजिन कोरडं पडतं. ताठ झाला तर गाडी धुराचा लोट सोडते.

आता वर्षं बघा. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. संप कधी मागे घेतल्याचं कोणी जाहीर केलं नाही, तो नुसता विरत गेला. नेमक्या त्याच काळात देशाचं वाहन धोरण सैल झालं आणि जपानी कंपन्या भारतीय कंपन्यांचा हात धरून आल्या. १९८४ मध्ये इंड-सुझुकी, १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आणि त्याच वर्षी एस्कॉर्ट्सची यामाहा आरएक्स १००. पुढच्या वर्षी कावासाकी बजाज. करी रोड, लालबाग, परळच्या रस्त्यांवर एकीकडे गिरण्यांचे भोंगे बंद पडत होते आणि दुसरीकडे या नव्या गाड्यांचा आवाज वाढत होता.

संप सुरू झाला तेव्हा काका नववीत होते. वडिलांसारखं बदली कामगार म्हणून लागायचं आणि मग कायम व्हायचं, हा ठरलेला रस्ता होता. तो बंद झाला. शेजारच्या गॅरेजमध्ये ते आधी प्लग घासायला बसले. संपानंतर गिरणगावातल्या घरांचं काय झालं यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. कोणी गावी परतलं, कोणी भाजीची गाडी लावली, कोणी वॉचमन झालं, बायकांनी खानावळी चालवल्या. रस्त्यावरचे मेकॅनिक त्या यादीत सहसा नसतात. मी एका माणसाच्या बोलण्यावरून सगळ्यांची गोष्ट सांगू शकत नाही, पण काकांच्या पेटीत अजून एक पाना आहे जो त्यांच्या वडिलांनी गिरणीतून आणला होता. साच्याच्या नटांचा तो पाना आरएक्सला कुठेच बसत नाही. तो त्यांनी टाकलेला नाही, एवढं मी पाहिलंय.

गिरणीतून पान्यापेक्षा मोठी एक गोष्ट मात्र आली असावी: कानानं यंत्र ओळखायची सवय. शेकडो मागांच्या गोंगाटात आपल्या मागाचा धागा तुटला की विणकराला आवाजातला फरक कळायचा, असं काकांचे वडील सांगायचे. काकाही गाडी चालू केल्यावर आधी डोळे मिटतात. रेस सोडल्यावर इंजिनाचा आवाज लगेच खाली आला नाही, तर केबल कुठेतरी घासतेय किंवा स्लाइड अडकतेय. हँडल वळवल्यावर रेस आपोआप वाढली, तर केबल तोकडी पडतेय किंवा चुकीच्या बाजूनं फिरवलीये. केबल ठीक आणि तरी रेस चढलेलीच, तर कार्बोरेटर आणि इंजिन यांच्या मधल्या रबरला चीर गेलीये आणि तिथून हवा आत येतेय. मीटर न लावता होणारं हे निदान आहे. ते कुठे लिहिलेलं नाही.

प्लग

प्लगच्या टोकाचा रंग वाचणं हे मेकॅनिकचं पहिलं शिक्षण. भाजलेल्या बिस्किटासारखा तपकिरी असेल तर सगळं ठीक. पांढरट असेल तर पेट्रोल कमी, इंजिन तापतंय. काळा आणि कोरडा असेल तर पेट्रोल जास्त. काळा आणि ओला असेल तर ऑइल जास्त. माझा प्लग पांढरट होता. "कमी पेट्रोल," काका म्हणाले, "वाटी बघायच्या आधीच सांगतो."

पण प्लग नेहमी खरं बोलेल असं नाही, हेही त्यांनीच सांगितलं. एक काळ असा होता की कार्बोरेटर साफ, पिन जागेवर, स्क्रू मापात, आणि तरी चार दिवसांत प्लग काळा. गिऱ्हाईक म्हणायचं काम नीट केलं नाही. मेकॅनिक टाकीचं झाकण उघडून वास घ्यायचा. रॉकेल.

रेशनवरचं रॉकेल सरकार स्वस्तात द्यायचं, कारण लाखो घरांत स्टोव्ह त्याच्यावर पेटायचे. ओळखू यावं म्हणून त्यात निळा रंग टाकलेला असायचा. पेट्रोल-डिझेल आणि रॉकेलच्या भावातला फरक इतका मोठा होता की मधल्या मध्ये एक धंदाच उभा राहिला. रॉकेल पेट्रोलपेक्षा सावकाश उडतं, त्यामुळे ते पूर्ण जळत नाही. काजळी धरते, इंजिन ठोका देतं, सकाळी दहा किका माराव्या लागतात. गरीब घराच्या चुलीसाठी असलेलं इंधन तिच्यापर्यंत पोचायच्या आधीच वळवलं जायचं आणि कुणाच्या तरी प्लगवर काजळी होऊन बसायचं.

या धंद्याचा सगळ्यात भीषण चेहरा महाराष्ट्रानं मनमाडजवळ पाहिला. मुंबईच्या माहूलमधल्या तेलशुद्धीकरण कारखान्यातून पाइपलाइननं इंधन मनमाडकडे जातं आणि तिथल्या पानेवाडी भागातल्या तेल कंपन्यांच्या डेपोंतून टँकर भरून बाहेर पडतात. २५ जानेवारी २०११ ला मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे त्या रस्त्यानं जात होते. भेसळीचा प्रकार दिसला म्हणून ते थांबले. त्यांना मारहाण करून, अंगावर रॉकेल टाकून भर दिवसा पेटवून देण्यात आलं. दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक दिन होता. पुढे राज्यभरातले सरकारी कर्मचारी काम बंद करून रस्त्यावर उतरले. "त्या आठवड्यात," काका म्हणाले, "भेसळीबद्दल गिऱ्हाइकाला पटवून सांगावं लागलं नाही."

प्लगवर अजून एक तारीख आहे. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसं नसलेलं पेट्रोल विकायला लागले. इंजिनानं ठोका देऊ नये म्हणून १९२० च्या दशकापासून जगभर पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग मिसळलं जायचं. ते हवेतून मुलांच्या रक्तात जात होतं, हे कळल्यावरही ते बंद व्हायला अनेक दशकं लागली. शिसं गेल्यावर प्लगच्या रंगाची जुनी शिकवणच बदलली. आधीची राखाडी छटा गेली आणि मेकॅनिकांना नवा 'बरोबर रंग' शिकावा लागला. ही चांगली गोष्ट होती, आणि ती शिकवायला कुठलंही पत्रक त्यांच्याकडे आलं नाही.

आता थोडं माझ्या गाडीविरुद्ध. आरएक्सबद्दल बोलताना लोक हळवे होतात. पण टू-स्ट्रोक इंजिनात ताज्या मिश्रणाचा बराच भाग न जळताच सायलेन्सरमधून बाहेर पडतो, त्यात ऑइलचा धूर वेगळा. चाळीच्या तळमजल्यावर राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसानं त्या धुराबद्दल काय म्हणावं? मुंबईतल्या धुराविरुद्ध 'स्मोक अफेक्टेड रेसिडेंट्स फोरम' या नागरिकांच्या संस्थेनं उच्च न्यायालयात याचिका केली होती. तिच्यावर १९९९ च्या डिसेंबरमध्ये न्यायालयानं परिवहन आयुक्त व्ही. एम. लाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पुढे शहरातल्या जुन्या टॅक्सी सीएनजीवर गेल्या त्यात या प्रकरणाचा मोठा वाटा आहे. दुचाकींवर धुराचे नियम १९९१, १९९६ आणि २००० असे टप्प्याटप्प्यानं कडक झाले. आरएक्स १०० चं उत्पादन १९९६ मध्येच थांबलं होतं.

रस्त्यावर आधीच असलेल्या गाड्यांसाठी पीयूसी आली. सन २००० च्या आधीच्या दुचाकीला धुरात कार्बन मोनॉक्साइड ४.५ टक्क्यांपर्यंत चालतो. मग एक युक्ती रूढ झाली. पीयूसीला जायच्या आधी हवेचा स्क्रू अर्धा आटा बाहेर काढायचा म्हणजे मिश्रण पातळ होतं आणि आकडा खाली येतो. सर्टिफिकेट मिळालं की परत येऊन स्क्रू जागेवर. काका हे सांगताना हसत नव्हते. "नियम बरोबर होता," ते म्हणाले, "पण गिऱ्हाईक नवीन पिस्टन-रिंगचे पैसे देत नव्हतं. अर्ध्या आट्याचे देत होतं."

वाटी

शेवटची वस्तू सर्वात नवीन इतिहासाची. काकांनी वाटी उजेडात तिरकी धरली. तळाशी पाण्याचे दोन-तीन थेंब मोत्यांसारखे फिरत होते. कडेला पांढरट थर. आणि जेटच्या खाली काळे, मऊ, तिळाएवढे कण.

"हे रबर आहे," ते म्हणाले. "तुझ्या पेट्रोलच्या नळीचं. आतून सुटतंय."

पेट्रोलमध्ये अल्कोहोल मिसळायची कल्पना आपल्याकडे जुनी आहे. स्वातंत्र्यानंतर लगेच, १९४८ मध्ये, 'इंडियन पॉवर अल्कोहोल ॲक्ट' आला होता. तो २००० मध्ये रद्द झाला. गंमत अशी की पुढच्याच वर्षी ही कल्पना नव्या रूपात परतली. २००१ मध्ये इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल प्रयोग म्हणून देशात तीन ठिकाणी विकायला घेतलं, त्यातली दोन महाराष्ट्रातली: मिरज आणि मनमाड. होय, तेच मनमाड. तिसरं उत्तर प्रदेशात बरेलीजवळ. २००३ मध्ये महाराष्ट्रासह नऊ राज्यांत पाच टक्के मिश्रण सुरू झालं. २०२२ च्या जूनपर्यंत देशभर दहा टक्के झालं, २०२३ च्या फेब्रुवारीत वीस टक्क्यांचं पेट्रोल काही पंपांवर आलं आणि २०२५ मध्ये वीस टक्क्यांचं उद्दिष्ट गाठलं गेलं. मूळ योजनेत ते २०३० साठी होतं.

यात मिरज यावं हे स्वाभाविक आहे. महाराष्ट्रातली सहकारी साखर कारखानदारी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनी १९५० च्या आसपास प्रवरानगरला सुरू झाली आणि मग सांगली, कोल्हापूर, साताऱ्यात पसरली. साखर काढल्यावर उरलेल्या मळीपासून इथेनॉल बनतं, नंतर थेट उसाच्या रसापासूनही बनायला लागलं. साखरेचा भाव पडला तरी कारखान्याला पैसे मिळतात, उसाचं बिल वेळेवर निघतं, परदेशी तेल कमी लागतं. ही कारणं खोटी नाहीत. गिरणगावात घाटावरून आलेली कितीतरी कुटुंबं आहेत आणि त्यांच्या भावकीतलं कोणी ना कोणी ऊस लावतं. गावचं पाणी पिऊन वाढलेला ऊस अशा रीतीनं मुंबईतल्या भाच्याच्या टाकीत येतो.

पण १९९० च्या कार्बोरेटरला हे कोण सांगणार? इथेनॉलच्या रेणूतच ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याला जळायला हवा कमी लागते. एका किलोला सुमारे नऊ किलो. वीस टक्के मिश्रणासाठी हे प्रमाण १४.७ वरून साधारण साडेतेरावर येतं. नव्या गाडीतला सेन्सर हा फरक ओळखून पेट्रोल वाढवतो. जुन्या जेटचं भोक तेवढंच राहतं. म्हणजे कोणीही स्क्रूला हात न लावता गाडी पातळ मिश्रणावर चालायला लागते, प्लग पांढरा पडतो, चढावर दम टाकते. १९७३ नंतर गिऱ्हाईक क्लिप सरकवून जे मागून घ्यायचं, तेच आता न मागता पंपावर मिळतं, आणि ॲव्हरेज मात्र वाढायच्या ऐवजी किंचित घटतं, कारण इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांशच ऊर्जा असते.

दुसरी गोष्ट पाणी. इथेनॉल हवेतली ओल शोषतं. जुलैच्या मुंबईत आठ-पंधरा दिवस उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीत हे पाणी वाढत जातं आणि एका मर्यादेनंतर इथेनॉलसकट वेगळं होऊन तळाशी बसतं. पेट्रोलचा कॉक तळाशीच असतो. तिसरी गोष्ट रबर. जुन्या नळ्या आणि वायसर शुद्ध पेट्रोलसाठी बनलेले होते. इथेनॉलनं त्यातले काही फुगतात, मऊ होतात आणि आतून सुटतात. जुन्या गाड्यांचे काही रबरी भाग लवकर बदलावे लागतील हे सरकारनंही २०२५ मध्ये मान्य केलं, आणि ते स्वस्त असल्याचं सांगितलं. पंपावर इथेनॉल नसलेल्या पेट्रोलचा पर्याय ठेवा, अशी याचिका त्याच वर्षी १ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयानं फेटाळली.

रबर स्वस्त आहे, हे खरं. माझी नवी नळी खरंच स्वस्तात आली. पण कोणती नळी, किती नंबरचा जेट, पिन कितव्या खाचेत, हे सांगायला कोणी नव्हतं. ते काकांनी चार-पाच गाड्या बिघडताना पाहून स्वतः शोधलं. रॉकेलच्या वेळी, शिशाच्या वेळी, पीयूसीच्या वेळीही असंच झालं होतं. इंधन आणि नियम वर कुठेतरी बदलतात. त्यातले बरेचसे बदल गरजेचे आणि चांगलेही असतात. पण ते जुन्या यंत्राला जुळवून घ्यायचं काम रस्त्यावर बसलेला माणूस करतो, आणि त्याच्या कामाची नोंद कुठल्याही अहवालात होत नाही. उलट पहिला संशय त्याच्यावरच येतो.

जोडणी

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं आणि बहुतेक नव्या मोटारसायकलींवरून कार्बोरेटर गेला. त्याच्या जागी इंजेक्शन आलं: टाकीत पंप, सायलेन्सरला ऑक्सिजन सेन्सर, सीटखाली एक लहान संगणक. मला त्याबद्दल तक्रार करायची नाही. माझ्या मैत्रिणीची नवी गाडी त्याच पुलावर त्याच पावसात कधी खोकत नाही, चोक ओढावा लागत नाही, आणि धूर कितीतरी कमी. ज्या शहरात लोक श्वास घेतात तिथे हे व्हायलाच हवं होतं.

पण त्या गाडीत बिघाड झाला की डॅशबोर्डवर एक दिवा लागतो आणि दिव्याचा अर्थ कळायला स्कॅनर लागतो. काकांकडे स्कॅनर नाही. त्यांच्या भाच्यानं एक घेतलाय, मोबाइलला जोडायचा, आणि तो संध्याकाळी येऊन बसतो. स्कॅनर कोड सांगतो. तरी सेन्सर खराब आहे की नुसती वायर सुटलीये, हे अजून हातानंच बघावं लागतं, आणि तिथे भाचा मामाला हाक मारतो. हे शिक्षण कोणत्या बाजूनं जाईल, मेकॅनिककडे की फक्त कंपनीच्या वर्कशॉपकडे, ते अजून ठरायचंय. गाडी दुरुस्त करायची माहिती सगळ्यांना मिळावी की नाही, हा वाद आता जगभर चालू आहे. करी रोडच्या जिन्याखाली तो दोन स्टुलांवर बसून चालतो.

पाऊस थांबला तेव्हा गाडी जोडून झाली होती. काकांनी नळी बदलली, वाटी पुसली, जेट पेट्रोलमध्ये बुडवून फुंकून साफ केला. भोक मोठं होतं म्हणून त्यात तार ते कधीच घालत नाहीत. मग थोडा विचार करून तो जेट बाजूला ठेवला आणि जुन्या कॅमेऱ्याच्या रोलच्या डबीतून दुसरा काढून बसवला, एक नंबर मोठा. पिनेची क्लिप एक खाच खाली. केबलचे दोन्ही फाटे जुळवले. किक मारली, डोळे मिटले, स्क्रू पाव आटा फिरवला.

"रात्री कॉक बंद करत जा. पावसाळ्यात गाडी आठवड्यातून दोनदा तरी फिरव. फिरवणार नसशील तर वाटी रिकामी करून ठेव."

मी पैसे दिले. त्यांनी काढलेला जुना जेट कागदाच्या पुडीत बांधून माझ्या हातावर ठेवला.

"हा टाकू नकोस. पेट्रोल परत बदललं तर लागेल."